दाव्याविना आणलेली लाल गाडी

लोक गाडी घ्यायला शोरूममध्ये जातात. मी एसटीनं कर्नाटकात गेले, खांद्याला पिशवी आणि पिशवीत नणंदेसाठी दिवाळीचा चिवडा. आमच्या गल्लीत अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "सोलापुरात गाड्या संपल्या होत्या का हो?" दर वेळी उत्तर लांबत जातं आणि गॅसवर दूध उतू जातं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी अक्कलकोटच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. राहते सोलापुरात, येऊन-जाऊन करते. दिवाळीच्या तोंडावर प्राचार्यांनी जाहीर केलं की सुटीनंतर कॉलेज सकाळी सातला भरणार. पहिली एसटी मला तिथं पोचवेपर्यंत पहिला तास उरकलेला असणार. म्हणजे अक्कलकोटला खोली घ्यायची आणि स्वतःच्या घरी शनिवारी पाहुणी म्हणून यायचं. मुलगी मुक्ता दहावीला. त्या रात्री ती वरणभात कालवत नुसती माझ्या ताटाकडे बघत बसली. मला तेवढं पुरलं. कॉलेज उघडायच्या आत गाडी घ्यायची, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

यजमानांनी लगेच त्यांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी जुनी व्हॅन सुचवली. "दणकट आहे, सगळे मावतात." अहो, मला कॉलेजला जायचं होतं, वऱ्हाड न्यायचं नव्हतं! मला हवी होती छोटी, बुटकी, चपळ गाडी. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला की पुढे झेपावणारी. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं असं काही म्हटलं की लोक आधी तिच्याकडे आणि मग तिच्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. पण रोज एवढा रस्ता कापायचाच आहे, तर तो रडत कशाला कापायचा?

नवी घेणं आवाक्यात नव्हतं, आणि सोलापुरात मनासारखी जुनी मिळेना. तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान मल्लिनाथ मास्तर मदतीला धावले. आळंदला हायस्कुलात हेडमास्तर आहेत. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो, मीही म्हणते. कन्नड, मराठी आणि दखनी तिन्ही भाषांत ते सारख्याच जोरानं बोलतात, आणि गाड्यांतलं काहीही कळत नसताना गाड्यांवरही बोलतात. फोनवर म्हणाले, "वैनी, तिकडं कामून हुडकायलाव? आमच्याकडं या. आमची पोरं पुण्या-बेंगळूरला जातेत, गाडी घेऊन मिरवत येतेत, नोकरी बदलली की गाडी बापाच्या गळ्यात घालून जातेत. दारोदार उभ्या हायत!"

अफजलपूर

अण्णा मला अफजलपूरच्या स्टँडवर भेटले. आधी नाश्ता, मग गाडी, असा त्यांचा नियम. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम सुसला आणि त्यावर हातभर लांब मिरचीभजी. हाच पदार्थ आमच्या सोलापुरात सुशीला नावानं मिळतो, पण आम्ही तो शहाण्यासारखा खातो. इथं लोक मिरचीचा घास घेतात, डोळ्यांतून पाणी काढतात आणि पुन्हा मिरची मागवतात. मीही मागवली आणि दुपारपर्यंत पस्तावले.

गाडीचा मालक शरणू, उसाच्या वाहतुकीची कंत्राटं घेणारा तरुण. गाडी पिवळीधमक, दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळांची चित्रं, काचा काळ्या, आणि धुराचं नळकांडं एवढं जाड की मांजर आत जाऊन झोपेल. मी डिक्की उघडली तर आत एकच मोठा स्पीकर, कडेला वहीसुद्धा ठेवता येईना.

"यात सामान कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

"सामान कामून अक्का? गाणं ऐका की!" असं म्हणून त्यानं गाणं लावलं. माझ्या कानातली कुडी थरथरली.

तरी चालवून बघायचं म्हणून मी बसले. गाडी पळायची मात्र छान. भीमेकडच्या रस्त्याला लागलो आणि तिसरा गिअर टाकताना मला व्हॅनची आठवणही राहिली नाही. पण शरणूनं शोभेसाठी तिच्या स्प्रिंगा कापून तिला जमिनीलगत आणली होती. कालव्याच्या पुलाआधी गतिरोधक आला आणि गाडी त्याच्यावर म्हशीनं डबक्यात बसावं तशी पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. शेवटी ऊसतोडीची माणसं ट्रॉलीवरून उतरली आणि त्यांनी गाडी माझ्यासकट उचलून पलीकडे ठेवली. आमच्याकडे आधी बाईला खाली उतरवतात. इथं कुणाच्या मनातही ते आलं नाही. उलट एकजण उसाचं कांडं खिडकीतून आत देऊन म्हणाला, "घ्या अक्का, दमलाव."

मी खरंच दमले होते. शरणूला नमस्कार केला आणि अण्णांना म्हटलं, बडे घर पोकळ वासा. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "पर रंग बरा हाय."

मन्नाएखेळ्ळी

मुक्काम आळंदला नणंदेकडे. तिनं कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची भाजी वाढली. तिथं कडक भाकरी पापडासारखी डब्यात भरून ठेवतात आणि आठवडाभर खातात. मऊ भाकरी मागितली तर "बरं न्हाई का?" असं विचारतात.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या मन्नाएखेळ्ळीला. गाव म्हणायला खेडं, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना टायरवाले, पंक्चरवाले, धाबे, आणि एका धाब्यामागे विकायच्या गाड्यांची ओळ. धंदेवाला राजूशेठ. त्यानं मला थेट एका चंदेरी गाडीपाशी नेलं. गाडी हैदराबादहून आलेली, बुटकी, देखणी, आत अत्तराचा घमघमाट. मी तिथल्या तिथं विरघळले.

आणि अत्तरावरच अडले. शिक्षकाला मुलाच्या तोंडात बडीशेप दिसली की आधी तिच्यामागचा वास हुंगायची सवय असते. मी वाकून पायाखालचा गालिचा उचकटला. खाली वाळलेल्या गाळाचा थर, त्यात एक चिमुकला शिंपला. गाडी कधीतरी पुरात बुडून वर आलेली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मला वाटलं, आता हा हुज्जत घालणार. पण राजूशेठ मनापासून हसला. "पकड लिए मॅडम! आज तलक कोई नीचे नै देख्या. चाय पिओ." चहा पिताना त्यानंच विचारलं, "तुमको कैसी होना?"

कशी हवी ते मी सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "वैसी एकीच है. लाल. खजुरी के बिराप्पा के पास. पन वो देता नै. दो दफे गया मैं, मट्ठा पिलाके वापस भेज दिया."

"कुठला बिराप्पा?" अण्णा ताडकन उठले. "सिद्धूचा बाप? सिद्धू माझा विद्यार्थी! व्हय, त्येच्याकडं लाल गाडी हाय की!"

मी अण्णांकडे बघत राहिले. मास्तरांना विद्यार्थी जन्मभर आठवतात, त्यांच्या गाड्या नाही आठवत. राजूशेठचा चहा पिऊन होईपर्यंत अण्णांनी खजुरीला फोन लावलाही होता.

खजुरी

सुटीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा तास होता. गाडी नाही मिळाली तर मी पिशवी घेऊन परस्पर अक्कलकोटला उतरणार, नि तिथंच खोली बघणार, असं यजमानांना सांगून ठेवलं होतं. आणि रेंज जातेय असं म्हणून फोन ठेवून दिला होता.

खजुरीच्या शिवारात तुरी फुलावर होत्या. बिराप्पांचं घर रानातच. एकेकाळी घराण्यात शेकड्यांनी मेंढरं होती म्हणे. आता शेती, आणि दारात सवय मोडू नये म्हणून ठेवल्यासारखी थोडी मेंढरं. "बर्री, कुंद्री," म्हणजे या, बसा, असं म्हणत बिराप्पांनी घोंगडी अंथरली. त्यांची बायको मळव्वा ताक घेऊन आल्या. ताक बघून मला राजूशेठला पाजून परत पाठवलेला मठ्ठा आठवला.

गाडी गोठ्यात होती. एका खुंट्याला बैल, दुसऱ्याला बैल, आणि तिसऱ्या जागी ती. लाल, बुटकी, मागे स्पॉयलरची चिमुकली शेपटी, बॉनेटवर पांघरलेली घोंगडी. सिद्धूनं पुण्याला नोकरी लागल्यावर घेतलेली, म्हणून नंबरही महाराष्ट्राचा, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या परवानगीची कटकट नाही. सिद्धू दुबईला गेला. दोन दिवाळ्या आला नव्हता. विकायच्या कागदांवर सह्या करून गेला होता आणि दर फोनला म्हणायचा, विकून टाका. बिराप्पांना गाडी चालवता येत नव्हती, पण रोज सकाळी बैलांना पेंड घातली की ते तिच्यात बसून ती सुरू करायचे आणि थोड्या वेळानं बंद करायचे.

मी चालवायला घेतली. अण्णा पुढे बसले, बिराप्पा फेटा सांभाळत मागे. डांबरी सडकेला लागून मी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले आणि ती अशी उसळली की मी मोठ्यानं हसले. खूप दिवसांत अशी हसले नव्हते. तुरीची पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती. अण्णा ओरडत होते, "वैनी, हळू! पेन्शन व्हायचीय माझी!" मागून बिराप्पा फक्त एवढंच म्हणाले, "सिद्धूबी असंच पळवायचा."

परत आल्यावर मी बॉनेट उघडलं, तेल बघितलं, खाली वाकून गंज बघितला. गालिचाही उचकटला. बिराप्पा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "आता मी खोड सांगतो. खोड सांगिटल्याबिगर आमच्यात जनावर इकत न्हाईत. मागं जाताना कुरकुर करती. डाव्या अंगाची काच वर येईना. आन चालू असताना चावी निसटून हातात येती, पर ती बंद पडत न्हाई, पळतच ऱ्हाती."

"चालेल," मी म्हटलं.

"थांबा. कामून पाहिजे तुमाला ही?"

मी कॉलेजचं सांगितलं, सातच्या तासाचं, खोलीचं. मुक्ताचं सांगायचं नव्हतं, पण तेही सांगून बसले.

"म्हंजे ही रोज सांजच्याला घरी येणार?"

"रोज. त्यासाठीच तर घ्यायलेय." त्यांच्याच बोलीत माझं उत्तर गेलं.

बिराप्पांनी बायकोकडे बघितलं. मळव्वांनी पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली. "मग दिली," ते म्हणाले. भाव अण्णांनी मध्ये पडून ताकाच्या दुसऱ्या पेल्यात मिटवला.

मळव्वांनी गाडीला हळदकुंकू लावलं, माझी ज्वारीनं ओटी भरली. जनावर उपाशी पाठवायचं नाही म्हणून बिराप्पांनी आमचा फोन आल्यावरच कॅन भरून पेट्रोल आणून टाकीत ओतलं होतं. ते स्वतः गाडीत बसले, सुरू केली, खाली उतरले. आणि उतरताना चावी काढून बंडीच्या खिशात टाकली.

मी हात पुढे केला. "अप्पा, चावी?"

"चावी न्हाई," ते म्हणाले. "जनावर इकावं, दावं इकू न्हाई. दावं गेलं की गोठा रिता व्हतोय. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. माझ्या बापानं कुणाला दिलं न्हाई."

हे आम्हीही ऐकलेलं असतं. बैल विकला तर मालक त्याच्या गळ्यातला दोर, म्हणजे दावं, काढून घेतो आणि घेणारा आपलं नवं बांधतो. पण ते बैलाचं. माझ्या डोळ्यांपुढे सातचा तास आला आणि मी तापले. "अहो, बैल दाव्यानं सुरू होत नाही! दुसरी चावी तरी?"

"सिद्धूच्या खिशात. दुबईला."

आता अण्णा पुढे सरसावले. त्यांनी कन्नडमध्ये समजावलं, मराठीत रागावले, दखनीत हात जोडले. बिराप्पा मान हलवत राहिले. शेवटी मळव्वाच बोलल्या, मला उद्देशून, हळू आवाजात. "बाई, दावं घरात ऱ्हायलं की त्या जागंवर परत जनावर येतंय म्हंत्यात. आमचं पोरगं येईना झालंय. चावी तरी ऱ्हाऊ द्या."

माझा राग जिथल्या तिथं विरला. घरी माझ्या ताटाकडे बघणारी मुक्ता आठवली. या दोघांच्या घरी ताट दोन दिवाळ्या रिकामंच होतं.

"चालू करून दिलीय की," बिराप्पा म्हणाले. "खोड सांगिटलीच हाय. मधी बंद करू नगा, म्हंजे झालं. गावात जाऊन नवं दावं करून घ्या."

मी घरघरणाऱ्या गाडीकडे बघितलं. चावी नसलेल्या गाडीत बसून राज्याची हद्द ओलांडायची! वर्गात मुलांनी असा प्रश्न घातला असता तर मी तो चूक ठरवला असता. "अण्णा, बसा," मी म्हटलं.

परतीची वाट

आळंद, वागदरी, अक्कलकोट, सोलापूर. वाटेत बंद करायची नाही. बंद पडलीच तर धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होईल, हे मी अण्णांना पदार्थविज्ञानासह समजावलं. त्यांना एवढंच समजलं की धक्का त्यांना द्यायचा आहे. आळंद आलं तसे ते उतरायची संधी शोधू लागले, पण मी गाडी थांबवलीच नाही. नणंद दारात डबा घेऊन उभी होती. तिनं चालत्या गाडीत खिडकीतून डबा दिला आणि नवऱ्याला हात केला.

वागदरीच्या अलीकडे रस्ताभर मेंढरं आली. मी करकचून ब्रेक लावला, क्लच विसरले आणि इंजिन गप्प झालं. भोवती सगळा लोकरीचा समुद्र. अण्णा उतरून एकटेच रेटू लागले, गाडी हलेना. दोन धनगर काठ्या टेकत जवळ आले. एकानं आत डोकावून बघितलं.

"चावी कुठाय बाई?"

"दिली नाही. दावं विकत नाहीत म्हणाले."

"कोण? खजुरीचे बिराप्पा व्हय?" त्यानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं मान डोलावली. "मग बराबर हाय."

त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. काठ्या मेंढरांपुढे आडव्या टाकून दोघांनी पाठ लावली, अण्णांनीही लावली, आणि गाडी एक झटका देऊन सुरू झाली. अण्णांना पळत येऊन बसावं लागलं. बसल्यावर बराच वेळ ते फक्त श्वास घेत होते. तिन्ही भाषा बंद होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

दिवेलागणीला आम्ही गल्लीत शिरलो. यजमान व्हॅनवाल्यांशी फोनवर बोलत अंगणात उभे होते. मी गिअरमध्येच क्लच सोडून गाडी दाराशी बंद पाडली, उतरून बॉनेट उघडलं आणि रात्रीत बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर काढली. मुक्ता धावत आली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "आई, हिला कुंकू कुणी लावलं?" दुसऱ्या दिवशी पहाटे वायर जोडली, गल्लीतल्या सगळ्यांनी धक्का दिला आणि मी सातच्या आधी वर्गात होते. अण्णा मुक्कामाला असूनही त्या वेळी नेमके अंघोळीला गेले होते.

चावीवाल्यानं कुलूप तपासलं. म्हणाला, घासलंय, पूर्ण बदलून टाका, नवी चावीही चालत्या गाडीत निसटेल. यजमानांचंही तेच म्हणणं. जुनी चावी परक्याच्या घरात असताना कुलूप तेच ठेवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! त्यांचं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुलूप बदललं असतं तर खजुरीच्या घरातल्या चावीला काही अर्थ उरला नसता. मी तेच कुलूप ठेवलं आणि त्याला नवी चावी करून घेतली. निसटू नये म्हणून तिला एक रबरबँड लावलाय.

बिराप्पांचा अधूनमधून फोन येतो, नेहमी संध्याकाळचा. मी त्यांना सांगितलंय, अप्पा, तुमच्या चावीनं ती अजून सुरू होते, सिद्धू आला की कळवा, मी घेऊन येते, त्याच्याच हातानं सुरू करू दे. सिद्धू अजून आलेला नाही. पाऊस, तूर, बैल असं सगळं बोलून झालं की ते शेवटी एकच विचारतात.

"आली का घरी?"

"आली अप्पा. दाराशी उभी आहे."

मग फोन कानाला तसाच धरून ते आत ओरडतात, "मळव्वा, आली म्हणं घरी!"